आयला, कॅम्पबेलटाउन आणि कुंकळ्ळी : प्रवासात मिळालेल्या बाटल्या आणि घरचे व्हिस्की ब्लेंडिंग

गोदाकाठ

घरी व्हिस्कीचे ब्लेंडिंग, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून आपले मिश्रण, करू पाहणाऱ्या नाशिककराला सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत निव्वळ माल्टपासून, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) आता फारसे शोधावे लागत नाहीत. अमृत, पॉल जॉन, इंद्री, रामपूर ही नावे शहरातल्या बऱ्या दुकानांत सहज दिसतात, आणि आपल्याच जिल्ह्यात दिंडोरीला तयार होणारा ‘लाँजिट्यूड ७७’ही २०२२ पासून त्या रांगेत आला आहे. घोडे अडते ते ग्रेन व्हिस्कीपाशी. गहू किंवा मका वापरून कॉलम स्टिल या उंच, अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्रात काढलेली आणि ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवलेली ही स्कॉटिश व्हिस्की चवीला सौम्य, किंचित गोडसर आणि अंगाने हलकी असते. तिचे नाव घेऊन सहसा कोणी दुकानात जात नाही, म्हणून दुकानदारही ती ठेवत नाहीत. पण नेहमीच्या स्कॉच ब्लेंडमध्ये मोठा वाटा हिचाच असतो. यंदाच्या स्कॉटलंडच्या प्रवासात मी प्रसिद्ध माल्टपेक्षा हिच्याच शोधात होतो.

ग्लासगोहून केनाक्रेगच्या धक्क्यापर्यंत रस्त्याने आणि तेथून बोटीने आयला बेटावरच्या पोर्ट एलनला गेलो. पोर्ट एलनहून लॅफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीनही डिस्टिलऱ्या एकाच पायवाटेवर येतात, आणि साधारण ५ किलोमीटरच्या या वाटेवर समुद्र जवळजवळ सतत सोबतीला असतो. लॅफ्रॉइगमध्ये बार्लीचा काही भाग अजूनही जमिनीवर पसरून मोड आणला जातो. ओली बार्ली फरशीवर सारखी पसरलेली असते. मोड एकमेकांत गुंतू नयेत आणि दाण्यांत उष्णता साचू नये म्हणून ती ठराविक वेळाने फावड्याने उलथीपालथी करावी लागते. मग भट्टीत पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती) जाळून तिला धूर दिला जातो. हा धूर कोरड्या दाण्याला नीट धरत नाही, दाणा दमट असतानाच तो आत उतरतो. म्हणून आधी पीट आणि नंतर नुसती गरम हवा असा क्रम ठेवतात. व्हिस्कीला जो औषधी, आयोडीनसारखा वास येतो त्याचा उगम या काही तासांत आहे, हे भट्टीच्या दाराशी उभे राहिल्यावर नाकाला आपोआप पटते.

बोटीने परत केनाक्रेगला आले की आपण किंटायर द्वीपकल्पावरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडे कॅम्पबेलटाउनला जाणे सोयीचे पडते. एकोणिसाव्या शतकात या एका लहान गावात वीसहून अधिक डिस्टिलऱ्या होत्या. आज मोजक्याच उरल्या आहेत, आणि त्यांत १८२८ पासूनची स्प्रिंगबँक सर्वांत जास्त पाहण्यासारखी आहे, कारण तेथे लागणाऱ्या सगळ्या बार्लीला तेथेच मोड आणतात आणि बाटल्याही तेथेच भरतात. एकाच आवारात तीन प्रकारची व्हिस्की होते : अडीच वेळा (काही भाग दोनदा, काही तीनदा) ऊर्ध्वपातन केलेली स्प्रिंगबँक, दोन वेळा केलेली आणि पीटचा जोर असलेली लाँगरो, आणि तीन वेळा केलेली, पीट नसलेली हेझलबर्न. ब्लेंडिंगचा अभ्यास करणाऱ्याने या तिन्हींचे नमुने शेजारी शेजारी ठेवून हुंगावेत. कच्चा माल आणि हात तेच असताना धुराचे प्रमाण आणि ऊर्ध्वपातनाची पद्धत बदलली की काय होते, हे इतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी कळते.

मला हवी होती ती ग्रेन व्हिस्की कॅम्पबेलटाउनमधल्याच केडनहेड या जुन्या स्वतंत्र बॉटलरच्या (इतर डिस्टिलऱ्यांची पिंपे घेऊन आपल्या नावाने बाटल्या भरणाऱ्याच्या) दुकानात मिळाली. एकाच पिंपातली, पाणी न घालता भरलेली. परतताना विमानतळावर हेग क्लबही घेतली. कॅमेरनब्रिज डिस्टिलरीची ही सिंगल ग्रेन ४० टक्के अल्कोहोलची आहे आणि तिची चौकोनी निळी बाटली लांबूनही ओळखू येते. भारतात येताना माणशी २ लिटर मद्य शुल्कमुक्त आणता येते. युरोपातली बाटली ७०० मिलिलिटरची असते, म्हणजे दोन मोठ्या बाटल्या आणि २०० मिलिलिटरच्या तीन लहान बाटल्या घेतल्या की मर्यादा नेमकी भरते. ब्लेंडिंगसाठी लहान बाटल्याच अधिक उपयोगी, कारण तेथे एका व्हिस्कीची खूप मात्रा असण्यापेक्षा वेगवेगळ्या स्वभावाच्या चार-पाच व्हिस्की हाताशी असणे महत्त्वाचे असते.

आता घरच्या कामाकडे. सध्या मला सर्वांत समाधान देणारे १०० मिलिलिटरचे मिश्रण असे आहे : पॉल जॉन ब्रिलियन्स ५५, हेग क्लब २५, ग्लेनड्रोनाक १२ वर्षे १५ आणि लॅफ्रॉइग १० वर्षे ५ मिलिलिटर. ब्रिलियन्स ४६ टक्के, ग्लेनड्रोनाक ४३ आणि उरलेल्या दोन्ही ४० टक्के धरल्या, तर मिश्रणाची तीव्रता ४३.७५ टक्के येते. पाठकणा ब्रिलियन्सचा आहे. ती गोव्यात कुंकळ्ळीला तयार होते, आणि तेथील उष्ण हवेत माल्ट पिंपातून लाकूड फार लवकर ओढून घेतो. त्यामुळे मध, व्हॅनिला आणि मसाल्याची भरगच्च चव मिळते, पण जिभेवर थोडा दाटपणाही राहतो. ग्रेन तो दाटपणा मोकळा करते. ग्लेनड्रोनाक या स्कॉटिश माल्टमुळे शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातला मनुका-अंजिराचा गोडवा येतो. लॅफ्रॉइग फक्त ५ टक्के आहे आणि तरीही तिचा धूर शेवटच्या घोटापर्यंत कळतो.

मिसळल्या मिसळल्या हे मिश्रण चांगले लागत नाही. पहिल्या दिवशी धूर एकीकडे, शेरी दुसरीकडे आणि अल्कोहोलचा तिखटपणा तिसरीकडे, असे सगळे सुटे सुटे वाटते. दोन-तीन आठवडे बाटली काठोकाठ भरून, घट्ट बुच लावून अंधारात ठेवली की धूर मागे सरकतो आणि मनुकांच्या गोडव्याखालून येऊ लागतो. ब्लेंड केलेली व्हिस्की पुन्हा पिंपात घालून काही काळ एकजीव होऊ देण्याची पद्धत स्कॉटलंडमध्ये फार जुनी आहे. जपानच्या निक्का कंपनीची ५१.४ टक्क्यांची ‘फ्रॉम द बॅरल’ही तशीच तयार होते. आपल्याला पिंप परवडणारे नाही, पण काचेत दिलेली विश्रांतीही वाया जात नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

सह्यवाट

लेख मन लावून वाचला आणि स्प्रिंगबँकचे वर्णन विशेष आवडले. तरीही एक मूलभूत शंका आहे. एका डिस्टिलरीने दहा-बारा वर्षे खपून जे चारित्र्य घडवले, ते आपण मोजपात्रात इतर तीन बाटल्यांबरोबर ओतून पुसून टाकत नाही का? सिंगल माल्टसाठी इतके पैसे मोजायचे आणि मग त्याला ब्लेंड करायचे, हे मला पटत नाही. ब्लेंडच प्यायचा असेल तर तयार बाटल्या कितीतरी स्वस्तात मिळतात.

गोदाकाठ

सह्यवाट, शंका रास्त आहे आणि तिच्यामागचे माल्टविषयीचे प्रेमही कळते. पण सिंगल माल्ट म्हणजे अस्पर्श, एकसंध वस्तू असे आपण समजतो, ते वस्तुस्थितीला धरून नाही. एका पिंपातली म्हणून मुद्दाम विकलेली बाटली सोडली, तर दुकानातला सिंगल माल्ट हा त्या डिस्टिलरीच्या अनेक पिंपांचे मिश्रणच असतो. कोणते पिंप किती घ्यायचे हे तेथेही एक अनुभवी नाकच ठरवते. आपल्याकडचे उत्तम उदाहरण अमृत फ्यूजनचे. भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची पीट दिलेली बार्ली यांची व्हिस्की एकत्र आणून ती घडवली आहे, आणि व्हिस्की समीक्षक जिम मरे यांच्या २०१०च्या ‘व्हिस्की बायबल’ या पुस्तकात तिला १०० पैकी ९७ गुण मिळाले, ते या जोडणीला मिळाले असे मी मानतो.

इतिहासातही ब्लेंडिंगची बाजू दुबळी नाही. इनियस कॉफीने १८३० मध्ये आपल्या अखंड चालणाऱ्या स्टिलचे पेटंट घेतले आणि ग्रेन व्हिस्की मोठ्या प्रमाणावर निघू लागली. एडिनबरोच्या अँड्र्यू अशरने १८५०च्या दशकात वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की एकत्र करून विकायला सुरुवात केली, आणि १८६०च्या कायद्याने शुल्क भरण्याआधी गोदामातच माल्ट आणि ग्रेन मिसळण्याची मुभा दिली. त्यापुढच्या दशकांत स्कॉच जगभर पोहोचली ती ब्लेंडच्या रूपाने. ग्लेनफिडिकने सिंगल माल्ट म्हणून परदेशात जोमाने विक्री सुरू केली तीच मुळी १९६३ मध्ये. ज्या माल्टच्या चारित्र्याविषयी आपण आज आदराने बोलतो, त्यांतल्या पुष्कळ डिस्टिलऱ्या मधली शंभर वर्षे ब्लेंडसाठी लागणाऱ्या माल्टच्या मागणीवर टिकल्या.

पैशाविषयी म्हणाल तर माझ्या मिश्रणात लॅफ्रॉइगचे फक्त ५ मिलिलिटर जातात. बाटलीतली उरलेली लॅफ्रॉइग मी तिच्या स्वतःच्या नावानेच पितो.

पिंपळगावकर

मी व्हिस्कीतला नाही, द्राक्षातला आहे. जिल्ह्यातल्या एका वायनरीत काम करतो, म्हणून हा धागा वाचताना फार जवळचे वाटले. जानेवारी ते मार्च द्राक्षांची तोडणी आणि आंबवण चालते, आणि पुढे टाक्यांतली वाइन स्थिरावली की आमच्याकडेही ब्लेंडच्या चाचण्या सुरू होतात. कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि शिराझ यांचे प्रमाण ठरवताना १०० मिलिलिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये ९०-१०, ८०-२०, ७०-३० असे नमुने करतो, ग्लासांच्या तळाला फक्त क्रमांक चिकटवतो, आणि कोणता ग्लास कोणत्या प्रमाणाचा आहे हे चव घेणाऱ्याला सांगत नाही. प्रमाण ठाऊक असले की जीभ त्याच्याच मागे जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. घरी ब्लेंडिंग करणाऱ्यांनी निदान एवढे तरी करावे : नमुने एकाने बनवावेत आणि चव दुसऱ्याने घ्यावी.

दुसरे म्हणजे चव घेऊन थुंकायला शिकावे. आमच्याकडे टेबलाखाली बादली असतेच. व्हिस्कीत तर अल्कोहोल वाइनच्या तिप्पट; दोन-तीन नमुने गिळल्यावर चौथ्याविषयी दिलेले मत विश्वासार्ह राहत नाही.

गोदाकाठ

पिंपळगावकर दादा, क्रमांकाची युक्ती आजपासूनच सुरू करतो. व्हिस्कीतही निर्णय बहुतांशी नाकाने होतो. व्यावसायिक ब्लेंडर नमुन्यात पाणी घालून तो २० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मग हुंगतात, कारण त्या तीव्रतेला अल्कोहोल नाकाला झोंबत नाही आणि दोष चटकन उघडे पडतात. पाण्याने वास का खुलतो याविषयी स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांचा २०१७चा अभ्यास जरूर वाचावा. धुराच्या वासाशी निगडित असलेल्या ग्वायकॉल या रेणूची संगणकीय प्रतिकृती त्यांनी केली. साधारण ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, आणि ५९ टक्क्यांच्या वर इथेनॉल त्याला वेढून आत ओढून घेते, असे त्यांना दिसले. पाणी न घातलेल्या तीव्र व्हिस्कीत दोन थेंब पाणी टाकल्यावर धूर वर येतो, या अनुभवाशी ते जुळते.

रसिका_ना

सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन प्रश्न विचारते. ग्रेन व्हिस्की मिळत नसेल तर आपल्याकडची नेहमीची, मध्यम किमतीची भारतीय व्हिस्की तिच्या जागी वापरता येईल का? आणि साधने कोणती लागतात? माझ्याकडे सध्या अर्धवट उरलेल्या बऱ्याच बाटल्या आहेत आणि त्या एकत्र करून ‘इन्फिनिटी बॉटल’ करावी असे मनात आहे.

गोदाकाठ

रसिकाताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडच्या बहुतेक नेहमीच्या व्हिस्कीत मुख्य भाग मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या न्यूट्रल स्पिरिटचा (स्वतःची चव-वास जवळजवळ नसलेल्या अल्कोहोलचा) असतो, आणि त्यात काही प्रमाणात माल्ट किंवा आयात केलेली स्कॉच मिसळलेली असते. हे स्पिरिट पिंपात मुरलेले नसते. स्कॉटिश ग्रेन व्हिस्कीही ९४.८ टक्क्यांपेक्षा कमी तीव्रतेपर्यंत ऊर्ध्वपातित केलेलीच असते, म्हणजे सुरुवातीला तीही बरीच तटस्थ असते. पण नंतरची ओकमधली वर्षे तिला व्हॅनिला, नारळ आणि लोण्याचा मऊपणा देतात. आपल्याला हवा असतो तो हा मऊपणा. न्यूट्रल स्पिरिटने मिश्रण पातळ होईल, मऊ होणार नाही. त्यापेक्षा ग्रेन न घेता निव्वळ माल्टचे मिश्रण करा. मंकी शोल्डर हे तशाच मिश्रणाचे, सर्वत्र मिळणारे उदाहरण आहे, आणि सौम्य पाया म्हणून तीच बाटली वापरली तरी चालते.

साधने अगदी थोडी लागतात. वैज्ञानिक उपकरणांच्या दुकानात १०० आणि १० मिलिलिटरचे काचेचे सिलिंडर मिळतात, आणि होमिओपॅथीच्या औषधांना वापरतात त्या तपकिरी ड्रॉपर-बाटल्या नमुने ठेवायला उत्तम. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि प्रमाण लिहायला विसरू नका, कारण जमलेले मिश्रण पुन्हा करता आले पाहिजे. पहिला नमुना २० मिलिलिटरचाच करा.

इन्फिनिटी बॉटलबद्दल माझे मत थोडे कडक आहे. उरलेसुरले ओतत राहिल्याने बाटली भरते, मिश्रण घडत नाही. करायचीच असेल तर आधी बाटलीचा कल ठरवा, उदाहरणार्थ शेरीकडे झुकलेली किंवा फळांच्या चवीची. आणि पीटची व्हिस्की तिच्यात पडू देऊ नका. पीटचे काम फोडणीतल्या हिंगासारखे आहे. चिमूट जास्त पडली की बाकी सगळ्यांची चव एकच होते, आणि बाटलीतून ती परत काढता येत नाही.

तांब्याची_भट्टी

कुंकळ्ळीचा उल्लेख शीर्षकात आहे पण लेखात फारसा आलेला नाही, म्हणून माझी भर घालतो. पॉल जॉनच्या या डिस्टिलरीत पाहुण्यांसाठी केंद्र आहे. तांब्याच्या पॉट स्टिल, पिंपांची गोदामे आणि शेवटी चव, असा फेरफटका घडतो. दक्षिण गोव्यात जाणाऱ्याने समुद्रकिनाऱ्यातून अर्धा दिवस काढून जावे. तेथे कळलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे एडिटेड आणि बोल्ड या पॉल जॉनच्या पीट दिलेल्या दोन माल्टमधला फरक. पीट दोन्हींना स्कॉटलंडचाच आहे, पण एडिटेडला हायलँडचा आणि बोल्डला आयला बेटाचा. त्यामुळे मूळ लेखातली लॅफ्रॉइग काढून त्या जागी बोल्ड घातली तर काय होईल, याची उत्सुकता आहे.

एक सूचनाही द्यावीशी वाटते. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून बाटल्या गाडीत टाकून निघणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय परराज्यातले मद्य आणणे हा गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क विभागाची तपासणी नियमित चालते. दोनचारशे रुपये वाचवण्यासाठी गाडी अडकवून घेण्यात अर्थ नाही. आपल्या राज्यात मद्य बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवावे.

गोदाकाठ

भट्टीसाहेब, फार चांगली भर घातलीत. कुंकळ्ळीला मी या हिवाळ्यात जाऊन आलो, आणि गोदामातली दमट उष्णता अंगावर घेतल्यावरच भारतीय माल्टचे वय वाचायचे कसे हे उमगले. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. अमृतच्या बेंगळुरूमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे जाते. पाच-सहा वर्षांच्या भारतीय माल्टला कोवळा म्हणून हिणवणाऱ्यांनी या आकड्यांचा विचार करावा. ब्लेंडमध्ये मी भारतीय माल्टला अर्ध्याहून अधिक जागा देतो ती भावनेपोटी नाही. पिंपाची इतकी चव या किमतीत दुसरीकडे मिळत नाही.

बोल्डचा प्रयोग मी केला आहे. ५ मिलिलिटरने धूर पुरेसा जाणवत नाही, १० ते १२ घालावे लागतात, पण ती ब्रिलियन्सशी एकाच घरातली असल्यामुळे जोड कुठेच दिसत नाही. आयोडीनचा वास नको असणाऱ्यांना हे मिश्रण अधिक आवडेल.

मृद्गंध

साठवणीबद्दल कोणी बोलले नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि पुष्कळ घरांत बाटल्या दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात, थेट पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या असतात. शहरातल्या एका दुकानात मी शोकेसमध्ये उन्हात राहिलेली एक महागडी बाटली पाहिली. तिचा रंग शेजारच्या, खोक्यातल्या बाटलीपेक्षा स्पष्टपणे फिका होता. तसेच ‘घरी ठेवून जुनी होऊ द्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो, त्याविषयीही लिहावे. आणि लहान लाकडी पिंप ऑनलाइन मिळतात, त्यांत घरी मुरवणे कितपत योग्य?

गोदाकाठ

मृद्गंध, बंद बाटलीत व्हिस्की मुरत नाही. मुरण्यासाठी लाकूड आणि लाकडातून ये-जा करणारी हवा लागते. काचेत १२ वर्षांची व्हिस्की वीस वर्षे ठेवली तरी ती १२ वर्षांचीच राहते. उघडलेल्या बाटलीत मात्र हवेमुळे बदल होतो, आणि बाटली जितकी रिकामी तितका तो वेगाने होतो. म्हणून पाव भाग उरला की मी ती लहान बाटलीत काढतो. बाटली उभीच ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोल बुच कुरतडते. येथे वाइनचा नियम चालत नाही. जागा म्हणाल तर माळा आणि पश्चिमेची भिंत टाळून, आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा, आणि बाटली तिच्या खोक्यात.

लहान पिंपाच्या मी विरोधात आहे. पिंप जितके लहान, तितके दर लिटरमागे लाकडाचे क्षेत्र जास्त. १ लिटरच्या पिंपात नाशिकचा उन्हाळा मिळाला तर काही आठवड्यांतच चव कडवट, भुशासारखी होते, आणि द्रवही भराभर कमी होतो. ब्लेंडला विश्रांती हवी आहे, आणखी लाकूड नको.

आणखी एक शंका काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारली आहे : मिश्रणात बर्फ टाकल्यावर ते धुरकट का दिसते? ब्रिलियन्ससारख्या ४६ टक्क्यांच्या व्हिस्की थंड करून गाळलेल्या नसतात, त्यामुळे त्यांतले लांब साखळीचे एस्टर, म्हणजे चव-वासाची तेलकट संयुगे, तसेच राहतात. तीव्रता ४६च्या खाली आली आणि द्रव थंड झाला की ते विरघळलेले राहत नाहीत आणि गढूळपणा दिसतो. चवीला त्याने काही बाधत नाही. ज्यांना स्वच्छच हवे असेल त्यांनी हेग क्लबऐवजी पाणी न घातलेली तीव्र ग्रेन वापरून मिश्रण ४६च्या वर ठेवावे. केडनहेडच्या बाटलीचा उपयोग मी सध्या त्यासाठीच करतो आहे, आणि ब्रिलियन्सच्या जागी इंद्री त्रिनी घेऊन केलेला नमुना कपाटात विश्रांती घेतो आहे. त्रिनीत शेरीचे पिंप आधीच असल्यामुळे ग्लेनड्रोनाक निम्म्यावर आणली आहे. त्याची चव पिंपळगावकर दादांच्या पद्धतीने, ग्लासाखाली क्रमांक लावून घेईन आणि प्रमाण येथेच लिहीन.